अंगठ्याएवढा डोंगर

आमचे हे दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करतात. गल्लीत सगळे त्यांना काटेवाले म्हणतात. दिवसभर लोकांचे काटे सरळ करायचे आणि घरी आल्यावर काच घासायची, असे आठ महिने गेले. ताटाएवढी गोल काच, तिच्यावर दुसरी काच, मध्ये ओली पूड, आणि खर्र खर्र. म्हणे दुर्बिणीचा आरसा होणार! मी म्हटलं, "दुर्बीण बाजारात आयती मिळते की." तर म्हणाले, "आयती घेतली तर मला काय कळणार?" घ्या! पालथ्या घड्यावर पाणी.

सासूबाई कोपऱ्यातून नुसतं बघत बसायच्या. चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवलेली बाई. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, चाकाची खुर्ची नशिबी आली, उजवा हात लुळा पडला, तर तो त्यांनी मनातूनच काढून टाकला. "लाकूड आहे ते, राहू दे." व्यायाम शिकवायला बाई यायची, तिला दारातूनच परत पाठवलं. डॉक्टर बजावत होते, अजून आशा आहे, पण उशीर केलात तर हात कायमचा जाईल. हे विनवून थकले, मी भांडून थकले. त्या ढिम्म!

एका रविवारी दुपारी यांनी आरसा तपासायला काढला. खिडक्यांना जाड चादरी लावून अंधार केला. खोलीच्या एका टोकाला काच उभी, दुसऱ्या टोकाला बारीकसा दिवा आणि दाढीचं पातं. पात्याच्या कडेशी डोळा लावला की काचेचे उंचसखल भाग सावल्यांसारखे दिसतात. काच मीच नेऊन ठेवली होती.

"डोंगर! कडेला केवढा डोंगर! आठ महिने पाण्यात गेले!" हे डोक्याला हात लावून बसले. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं, तर डोंगर गायब.

मग हेच हसत सुटले. "अगं, तुझा अंगठा! ऊब लागली की काच फुगते, निवली की बसते."

"काहीतरीच!" मी तणतणतच जाऊन अंगठा पुन्हा टेकवला आणि धावत येऊन पाहिलं. राखाडी, गोल, शांत काच, आणि तिच्यावर टेकाड. केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढंही नाही म्हणे, आणि मला लख्ख दिसत होतं! माझ्या अंगठ्याचं! अंगावर शहारा आला.

"मलाही दाखव रे," सासूबाई म्हणाल्या.

यांनी त्यांची चाकाची खुर्ची काचेपाशी नेली. त्यांनी डावा हात पुढे केला. यांनी उजवा उचलला.

"अरे, तो नको! त्यात काय उरलंय?"

"आई, काच खोटं बोलत नाही. हातात ऊब असेल तर दिसेलच. बघू तरी."

माझा जीव टांगणीला. काहीच नाही दिसलं तर? होती नव्हती ती आशाही जायची. यांनी तीन बोटं मिनिटभर काचेला लावून धरली, मग खुर्ची झटकन दिव्याच्या टोकाला आणली. सासूबाईंनी डोळा लावला.

त्या पात्याकडे आणखी वाकल्या.

"तीन आहेत," शेवटी म्हणाल्या. "अरे, बुटके आहेत. पण तीन आहेत!"

टेकाडं विरेपर्यंत त्यांनी डोळा हलवला नाही. मग डाव्या हाताने उजवा हात मांडीवर घेतला आणि हळूहळू चोळायला लागल्या.

"ती व्यायामवाली बाई कधी येते गं?"

"तुम्हीच हाकललीत ना तिला!"

"मग बोलव," त्या म्हणाल्या. "आणि तोवर मला पुन्हा काचेपाशी ने. हाच हात घेऊन."