बशी सोडली नाही

चहा असो की कॉफी, मी बशीत ओतून पितो. आजही. जन्मभर मालट्रक चालवला, त्यातली ही सवय. गाडी भरून उभी, क्लीनर हाका मारतोय, आणि चहा निवायची वाट बघत कोण बसणार? बशीत ओतला, फुंकर मारली, दोन घोटांत पोटात. शिक्षण चौथीपर्यंत. त्याची मला लाज नाही. कुणाला असली तर त्याने आपलं बघून घ्यावं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. बायको गेली, तेव्हा मुलगा म्हणाला, इथे एकटे राहू नका, आणि मला अमेरिकेला घेऊन गेला. ओहायोत डब्लिन म्हणून गाव आहे, तिथे त्याचं घर. वर्ष होतंय न होतंय तोच त्याला सनीव्हेलला कॉम्प्युटरच्या कंपनीत वरची नोकरी लागली. म्हणजे पार दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात. सामान पुढे धाडलं आणि मुलगा, सूनबाई आणि मी मोटारीने निघालो. रस्ता दोरी ताणल्यासारखा. दोन्ही अंगांना मका, मका आणि मका. एवढा मका, पण कणसं भाजून विकणारी एक बाई रस्त्याला दिसेल तर शपथ.

जेवायला कुठे थांबायचं यावरून पहिल्याच दिवशी वाजलं. मुलाला बर्गरचं चकचकीत दुकान हवं.

मी म्हटलं, "ट्रक उभे आहेत ना, तिथे गाडी घाल."

"अण्णा, तिथे सगळे ट्रकवाले असतात."

"मग मी कोण आहे रे?"

मागच्या सीटवर सूनबाई तोंड दाबून हसली. घातली त्याने गाडी.

परतलेले बटाटे, अंडी आणि जाड पाव आला. मिरचीचा पत्ता नाही. सूनबाईने पर्समधून लसणाची चटणी काढली, तेव्हा कुठे ते जेवण माणसात आलं. मग कॉफी आली. हा एवढा जाड कप, आणि खाली बशी नाही! मी सूनबाईला विचारलं, बशीला इंग्रजीत काय म्हणतात? ती म्हणाली, सॉसर. मी लगेच वाढणाऱ्या बाईला हात केला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "सासर!"

बाईने मान डोलावली आणि लाल सॉसची बाटली आणून पुढ्यात आपटली.

"अण्णा, सासर नाही हो, सॉसर!" सूनबाईच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

"तुझं सासर इथेच बसलंय. त्याला आधी बशी मिळवून दे."

शेवटी खाणाखुणा करून एक छोटी ताटली मिळाली. मी कॉफी ओतली आणि फुर्र केलं. आता त्या देशात कप रिकामा दिसला की विचारत नाहीत, सरळ भरतात. मी ओतायचो, ती भरायची. मी परत ओतायचो, ती परत भरायची. बाईला मजा वाटत होती, मलाही. तेवढ्यात मुलगा तिला हळूच म्हणाला, "सॉरी."

मला इंग्रजी येत नाही. पण सॉरी कळतं. त्या देशात राहून कुणालाही कळेल.

पुढच्या ठिकाणीही तेच. मी फुर्र केलं की याचं सॉरी तयार. तिसऱ्या दिवशी गाडीत मी विषय काढला.

"तू सॉरी कशापायी म्हणतोस?"

"इथे म्हणायची पद्धत आहे, अण्णा. आवाज होतो ना तुमचा. लोक बघतात."

"बघू देत. डोळे त्यासाठीच दिलेत. हे बघ, तू सांगशील तो कोट मी घालतो. गाडीत पट्टा लावा म्हणालास, लावला. पण माझ्या नावाने माफी मागायची नाही. मी कुणाचं काही चोरलेलं नाही."

त्याने कॅसेटचा आवाज तेवढा वाढवला.

सनीव्हेलला पोचून अपार्टमेंट लावून होतंय तोच त्याने नव्या साहेबाला बायकोसकट जेवायला बोलावलं. गोरे लोक. सकाळीच माझ्याजवळ येऊन बसला.

"अण्णा, आज चहा कपानेच प्या. नाहीतर जेवण झालं की जरा आत पडा. प्लीज."

"आत पडायला मी आजारी नाही."

"अहो, बसू द्या ना त्यांना," सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिच्याकडे त्याने लक्ष दिलं नाही.

मी दिवसभर विचार केला. आत पडलो असतो तर सोपं होतं. पण एकदा आत गेलो की त्या घरात कायमचा आतलाच झालो असतो. पाहुणे आले, म्हातारा आत. मग कोट चढवला आणि बाहेर येऊन बसलो.

जेवण चांगलं झालं. पुऱ्या होत्या, चक्क्याऐवजी आंबट क्रीमचं श्रीखंड होतं. साहेबाने लिंबाचं लोणचं जॅमसारखं पुरीवर फासलं आणि कानापर्यंत लाल झाला, पण गडी मागे हटला नाही. मला आवडला. मग सूनबाईने कपबश्यांतून चहा आणला. मुलगा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत ओतला. नेहमीपेक्षा कमी नाही, जास्त नाही, जसा पितो तसा प्यायलो.

साहेब बोलायचा थांबला. बशीकडे बोट करून त्याने मुलाला काहीतरी विचारलं. मी कान लावून बसलो. मुलाने हातातला कप खाली ठेवला. मग बोलला, बरंच बोलला. त्यात 'फादर' आलं, 'ट्रक' आलं. शेवटपर्यंत ऐकलं. सॉरी आलं नाही.

साहेबाने मान डोलावली आणि परत कंपनीचं बोलणं सुरू झालं. मुलाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नाही तर नाही. मी उरलेला चहा ओतला. दोन थेंब नव्या गालिच्यावर सांडले. मीही सॉरी म्हटलं नाही.