तीन बरण्या

लासूर स्टेशनच्या जनावरांच्या दवाखान्यात माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा रुळांपलीकडं राहणारी एक चाची शेळ्या घेऊन यायची. भाद्रपदात तिच्या दोन शेळ्या गेल्या. तिसरीच्या जबड्याखाली पाणी साचलं होतं, पापण्या आतून पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पोटात जंत झाले होते. मी औषध पाजलं.

चाची म्हणाली, "डॉक्टरीणबाई, जंत तर बारा महिने असत्यात. मग थंडीत, उन्हाळ्यात का नाय मरत? पावसाळ्यातच का?"

"लेंड्यांतली जंतांची अंडी फुटायला ओल आणि ऊब लागते," मी पाठ केलेलं उत्तर दिलं.

"तुमी बघितलं व्हय?"

बघितलं नव्हतं. म्हणून तिच्याच शेळीच्या ताज्या लेंड्या कुस्करून, ओलावून मी तीन बरण्यांत भरल्या. एक लसींच्या फ्रीजमध्ये ठेवली. त्यावर शिपाई दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. दुसरी टेबलावर, तिसरी पत्र्यावर उन्हात. ओल टिकावी म्हणून रोज पाणी शिंपडायचं. पत्र्यावरची तरी दुपारपर्यंत वाळायचीच. चाची रोज येऊन तिन्ही बरण्या बघून जायची.

आठव्या दिवशी मी सूक्ष्मदर्शक लावला. पत्र्यावरच्या बरणीत काहीच जिवंत नव्हतं. फ्रीजमधली अंडी तशीच होती. टेबलावरच्या बरणीतल्या थेंबात मात्र केसाहून बारीक अळ्या वळवळत होत्या. चाचीला आधी स्वतःच्या पापण्यांचे केसच दिसले. मग तिनं डोळा तिथून काढलाच नाही.

"या अल्ला, हे तर पवायलंय," ती हळूच म्हणाली. जरा वेळानं तिनं विचारलं, "अन् फ्रीजातली मेली, का झोपली?"

मला ठाऊक नव्हतं. ती बरणी टेबलावर आणून ठेवली. पाचसहा दिवसांनी बघितलं, तर बरीच अंडी मेलेली, पण थोड्या अळ्या बाहेर पडल्या होत्या. मला स्वतःला इतका आनंद कॉलेजात कधी झाला नव्हता.

"या अळ्या ओल्या गवतावर चढतात आणि गवताबरोबर पोटात जातात," मी सांगितलं. "दव वाळल्यावर शेळ्या सोडत जा."

"किती वर चढत्यात?"

"वीतभर, फार तर."

चाची विचारात पडली. "माझी लंगडी शेळी दरसाली पहिली आजारी पडती. बाकीच्या मागच्या पायांवर उभं राहून बोरी-बाभळी खात्यात. हिला उभंच राहता येत नाय. ही खाली मुंडी घालून गवतच खाती."

हे कुठल्याच पुस्तकात मी वाचलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात तिनं लंगडीला घरीच बांधलं आणि बाभळीच्या फांद्या तोडून तिच्यासमोर टांगल्या. त्या साली तिचं एक करडू गेलंच. लंगडी मात्र धडधाकट राहिली, आणि दिवाळीनंतर तिला दोन पिल्लं झाली.