शेजारणीची म्हैस

त्या दुष्काळात साखर कारखान्याने जनावरांची छावणी उघडली, तेव्हा गावातली निम्मी माणसंही जनावरांमागे तिकडेच राहायला गेली. आमच्या शेजारच्या अक्कांचे मालकही म्हैस घेऊन गेले. एका संध्याकाळी डबा न्यायला घरी येताना रस्त्यात ट्रकने त्यांना उडवलं, ते जागीच गेले.

अक्कांचं घर बायकांनी भरून गेलं. येणारी प्रत्येक जण म्हणायची, "अक्का, काही लागलं तर सांगा बरं." अक्का भिंतीला टेकून बसलेल्या. बोलत नव्हत्या, रडतही नव्हत्या.

सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिला काय सांगता येतंय आता? म्हैस दुभती हाय तिची. आपल्या गाडीसंगं छावणीत जा अन् धार काढ."

मी गेले. पण म्हैस जवळ येऊ देईना. रेडकू लावलं, पेंड ठेवली, तरी पान्हवेना. कास दगडासारखी तटतटलेली. माझ्या माहेरी अशा वेळी मालकिणीचं लुगडं नेसून बसायचे, वासावर जनावर फसतं. मी तशीच परत आले आणि भरल्या घरात अक्कांचं वापरलेलं लुगडं मागितलं.

"काय गं हे? सुतकातलं लुगडं सवाशिणीनं नेसायचं?" एक म्हातारी कडाडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "दांडीवरचं हिरवं घे." सगळ्या तिकडे वळल्या. अक्काच बोलत होत्या. "त्यात मी धारंला बसते. अन् कासंला एकदम हात लावू नको, लई भित्री हाय ती. आधी पाठ थोपट. बोलत राहा तिच्यासंगं."

ते लुगडं नेसून मी म्हशीजवळ बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून अक्कांच्या घरात काय चाललंय तेच तिला सांगत बसले. थोड्या वेळाने तिने पान्हा सोडला. दूध संस्थेत घालून त्यांच्या घरी आले, तर अक्का दारातच उभ्या.

"रेडकाला ठेवलंस का?"

"एक सड ठेवला."

"बरं केलंस," म्हणाल्या, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून पहिल्यांदा रडल्या.

तेरावं झाल्यावर लोकांचं न ऐकता त्या छावणीत राहायला आल्या. मीही आमच्या जनावरांपाशी तिथेच मुक्काम केला, आणि पाऊस पडेपर्यंत आम्ही एकाच चुलीवर भाकरी केल्या. नवऱ्याविषयी त्या घरी कधी बोलल्या नाहीत. तिथे मात्र, शेण भरता भरता, पुष्कळ बोलायच्या.