न विचारता चाललेली वाट

“न्हाई इचारलं.”

“कधीच नाही?” वकीलबाईंनी चष्मा पुसत पुन्हा विचारलं.

“कवाच न्हाई. माझी आय बापाची न्याहारी घिऊन त्याच वाटंनं कालव्यावर जायाची. तिनंबी कुनाला इचारलं न्हाई. चालायचं म्हंजी काय दाताचा डाक्टर हाय व्हय, आदी नंबर लावाया?”

गावच्या हॉलमधली माणसं हसली. पुढं टेबलाशी बसलेला, सुनावणी घ्यायला आलेला सरकारी अधिकारी हसला नाही, पण त्यानं हातातलं पेन घटकाभर खाली ठेवलं.

साक्षीच्या खुर्चीत ऑल्वेन जेब बसली होती. वय शहात्तर, अंगात रविवारी चॅपलला प्रार्थनेला जायचा निळा कोट, पायात कामाचे चिखलाचे बूट. घरून निघताना वाटेत एका कुंपणाला दोन खुंट ठोकून आली होती. दिवस मोडायचा तर पुरा कशाला मोडा, असं तिचं म्हणणं.

भांडण टिलमिअर तळ्याकाठच्या वाटेचं होतं. कालव्याच्या पुलाखालून ती निघते, तळ्याला वळसा घालते आणि चर्चच्या मागं गावात शिरते. ती बंद झाली तर गावातून कालव्यावर जायला ट्रकांच्या रस्त्याशिवाय दुसरी वाट नाही. तळं आणि भोवतालची जमीन वाड्याच्या मालकाची. जुने मालक लेकन कॅप्टन वारले, तेव्हा हॅलम नावाच्या माणसानं सगळं विकत घेतलं आणि पहिल्या उन्हाळ्यातच वाटेवर फाटक लावून कुलूप घातलं. तसा माणूस वाईट नव्हता. त्याला वाटलं, आपली जमीन आहे.

कायदा मात्र गमतीचा आहे. वीस वर्षं लोक उघडपणे, कुणी न अडवता, कुणाला न विचारता चालले, तर वाट लोकांची. मालकाच्या परवानगीनं चालले, तर ती त्याची मेहेरबानी, आणि मेहेरबानी तो कधीही मागं घेऊ शकतो. म्हणजे भलेपणानं विचारून चालणारा हरतो आणि न विचारता चालणारा जिंकतो. आमच्या श्रॉपशर परगण्यातल्या माणसाला हा कायदा मनापासून पटतो.

ऑल्वेन कालव्यावरच्या लॉकशेजारच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या दारांशेजारच्या घरात जन्मली. बाप बोटींसाठी दारं उघडायचा आणि हिवाळ्यात शेतकऱ्यांची कुंपणं घालायचा. त्यानंच तिच्या हातात कोयता दिला. काटेरी झाडाच्या खोडाला बुडाशी तिरका घाव घालायचा, सालीची जीभ तेवढी शिल्लक ठेवायची आणि झाड चढाच्या बाजूला निजवायचं. झाड मरत नाही, निजल्या निजल्या वाढतं, आणि मेंढरू आरपार जाईल अशी फट राहत नाही. बाप गेल्यावर ती एकटीनं कामं घ्यायला लागली, तेव्हा पुरुष माणसं म्हणाली, बाईनं घातलेलं कुंपण वारा आला की उठून बसेल. कुंपण घालण्याच्या स्पर्धेत तिनं त्या सगळ्यांना सलग सहा वर्षं खाली बसवलं. सहाच्या सहा चषक तिच्या कोंबड्यांच्या खुराड्यात आहेत. कोंबड्या त्यातून पाणी पितात. लग्न एकदा केलं. नवरा बरा होता, पण त्याला कोयत्याला धार लावता येत नव्हती, हे ती अजून सांगते.

तर हॅलमसाहेबांच्या वकीलबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि एक कागद उचलला. लेकन कॅप्टनच्या रोजनिशीतल्या एका पानाची ती नक्कल होती, तेवीस वर्षांपूर्वीची. त्यांनी मोठ्यानं वाचलं, “जेबबाईंशी बोलणं झालं. वाटेच्या परवानगीचं मिटलं.”

पग चिटणिसानं डोळे मिटून घेतले. आमच्या ग्रामसभेचा हा चिटणीस, गावच्या बाजूचे कागद त्यानंच जमवले होते. आदल्या दिवशी तो चिखल तुडवत ऑल्वेनच्या बांधावर गेला होता. मावशी, कॅप्टनशी काय बोललीस ते आठवत नाही म्हण, तेवीस वर्षांत कुणीही विसरतं, असं त्यानं तिला परोपरीनं सांगितलं. तिनं हातातला खुंट त्याला दाखवला आणि म्हणाली की कुजका खुंट ती कुंपणात ठोकत नाही, मग साक्षीत कसा ठोकेल?

“हे बोलणं झालं होतं का, मिसेस जेब?”

“झालं की.”

“परवानगीबद्दल?”

“व्हय. परवानगीबद्दलच.”

मागच्या बाकावर कुणीतरी हळूच शिवी दिली. पगनं पुढ्यातले कागद गोळा करायला घेतले. हॅलमसाहेब खुर्चीत मागं रेलले. वकीलबाई आभार मानून खाली बसणार, एवढ्यात ऑल्वेन म्हणाली, “पोरी, कुनी कुनाला दिली ते न्हाई इचारलंस.”

वकीलबाई थांबल्या. अधिकारीच म्हणाला, “तुम्हीच सांगा.”

मग तिनं सांगितलं. कॅप्टनला तळ्याच्या काठी होडीघर बांधायचं होतं, आणि जागा मनात भरली ती नेमकी वाटेवरच. तो तिच्याकडं आला. ती तेव्हा त्याच्याच खालच्या कुंपणावर काम करत होती. वाट दहा पावलं वर सरकवली तर गावाची काही हरकत आहे का, असं त्यानं विचारलं.

“टोपी हातात घिऊन इचारलं बरं का त्येनं. म्या म्हटलं, मी चॅपलात समद्यास्नी इचारते. इचारलं. मग त्याला सांगितलं, सरकव, पर कुंपन वलांडायची पायरी रुंद कर, म्हाताऱ्या बाया स्कर्ट सावरत चढत्यात. परवानगी म्या दिली, त्येनं न्हाई.”

वकीलबाई हसून म्हणाल्या, गोष्ट छान आहे, पण तिला आधार काय? कॅप्टन आज सांगायला नाहीत.

“कुंपन हाय की.”

दुपारी अधिकाऱ्यानं बूट बदलले आणि सगळा हॉल त्याच्यामागं वाटेला लागला. पाऊस भुरभुरत होता. हॅलमसाहेबांनी स्वतःच कुलूप काढलं. होडीघराजवळचं कुंपण चढावरून थेट पाण्यापर्यंत उतरतं. ऑल्वेननं छत्री पगच्या हातात दिली आणि कोटाच्या बाहीनं पानं बाजूला केली.

आत जुनी खोडं निजलेली होती, मांडीएवढी जाड, सगळी चढाकडं डोकं करून. होडीघराच्या भिंतीला लागून मात्र दोन हात जागेत खोडं मनगटाएवढीच. ती म्हणाली, इथं आधी वाट होती, तिनं ती रोपं लावून बुजवली, म्हणून वय कमी. तिथून तिनं पावलं मोजली. दहाव्या पावलाला आजची वाट, दगडाची रुंद पायरी, आणि पायरीच्या दोन्ही अंगांना जुनी खोडं एकमेकांकडं पाठ करून निजलेली. बाकी सगळं कुंपण चढाकडं, फक्त इथलं एक खोड उताराकडं वळवलेलं.

अधिकाऱ्यानं वाकून त्या खोडाच्या बुडावर हात फिरवला. घाव अजून दिसत होता.

“उताराला झाड कुनी निजवत न्हाई,” ऑल्वेन म्हणाली. “रस वर चढंना झाला तर मरतं. हे येकच म्या निजवलं, वाटंसाठी. आन त्ये जगलं.” हे सांगताना ती अधिकाऱ्याकडं बघत नव्हती, झाडाकडं बघत होती. वाटेपेक्षा त्या झाडाचाच तिला जास्त गर्व असावा, असं मला वाटलं.

वकीलबाई हुशार होत्या. त्यांनी मान्य केलं की वाट सरकली असेल. पण विचारलं कुणी कुणाला, हे झाड काही बोलत नाही. अधिकारी म्हणाला, बरोबर आहे, म्हणून मला ती सगळी रोजनिशी बघायची आहे, नुसतं एक पान नको.

हॉलमध्ये परतल्यावर वही आली. सगळ्यांचे बूट दारात, हातात चहा. अधिकाऱ्यानं ते पान काढलं, मग उलटलं; नोंद मागच्या बाजूला पुढं चालू होती. वाचताना त्याच्या मिशा हलल्या. वही त्यानं वकीलबाईंकडं सरकवली आणि म्हणाला, कृपया आपणच वाचा.

त्यांनी वाचलं. आवाज सकाळपेक्षा बारीक झाला होता. “गाव कबूल. पण पायरी रुंद हवी. जेबबाई ऐकत नाहीत.”

मग हॉलमध्ये जे हसू फुटलं त्यात हॅलमसाहेबही होते, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ऑल्वेन तेवढी हसली नाही. पगनं मांडलेल्या बिस्किटांतली दोन तिनं खिशात टाकली आणि उजेड आहे तोवर खुंट ठोकायचे आहेत म्हणून निघून गेली.

निकालाचं पत्र फेब्रुवारीच्या शेवटी आलं. पग ते घेऊन धावत तिच्या बांधावर गेला. योगायोगानं मी तिथं खुंटांची मोळी उतरवायला गेलो होतो. पक्षी घरटी बांधायच्या आत शेवटची तीस पावलं संपवायची, म्हणून ती घाईत होती. कोटाच्या जागी पोत्याचा तुकडा कमरेला बांधलेला, हाताला काट्यांचे ओरखडे.

“मावशी,” पगला धाप लागली होती, “वाट मिळाली.”

“मिळाली?” तिनं खोड हातानं चाचपलं. “हरवली कवा व्हती?”

पत्रात अधिकाऱ्यानं त्या एका उलट्या झाडावर अर्धं पान लिहिलं होतं. पगनं ते तिला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि परत वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचून झालं तेव्हा म्हणाली की त्या माणसाला झाडातलं कळतं. मग नकाशावर वाट कशी काढणार, असं विचारलं. हिरव्या तुटक रेघेनं, पग म्हणाला.

“वळसा दावत्याल का? धा पावलांचा?”

“दाखवतील, मावशी.”

“मंग ठीक हाय. सरक आता. तू माझ्या खुंटावर हुबा हाईस.”

पग सरकला. तिनं खुंट उचलला, टोक चिखलात रोवलं, दोन घाव घालून सरळ केलं, आणि पुढच्या खोडाच्या बुडाशी कोयता धरला.