तात्यांच्या तडजोडीची राहिलेली पुरशिस

"साहेब, पैसं तर तुमच्याच समोर दिलं न्हवं?" मारुतीने जप्तीच्या नोटिशीची नक्कल माझ्या टेबलावर ठेवली. इंदापुरात मोटारस्टँडजवळ त्याचं चहाचं हॉटेल होतं. सकाळीच बेलिफ त्याच्या राहत्या घरावर जप्ती लावून गेला होता. आता घराचा लिलाव होणार होता, आणि मारुतीचा वकील मीच होतो.

पन्नास साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी बारामतीत नुकती प्रॅक्टिस सुरू केली होती. हॉटेलच्या भांडवलासाठी मारुतीने बारामतीचे कापडदुकानदार सखारामतात्या यांच्याकडून कर्ज घेतलं होतं. ते थकलं. तात्यांनी दावा लावून अठराशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला. मग मी मध्ये पडून तडजोड घडवली.

तडजोडीचा व्यवहार साधा असतो. लिलाव, तारखा, खर्च यांत सावकाराची वर्षं जातात. थोडं सोडून बाकीचं एकरकमी मिळालं तर त्याला परवडतं. कर्जदारही मोकळा होतो, फक्त तेवढी रक्कम रोख हातात हवी. मारुतीने हॉटेलला दूध पुरवणाऱ्या दोन्ही म्हशी विकल्या आणि हजार रुपये आणले. माझ्या ऑफिसात तात्यांनी ते घेतले आणि दोघांनी खंडोबाचा भंडारा उचलला. आमच्या भागात भंडारा उचलला की विषय संपला.

मी पुरशिस लिहायला घेतली. पुरशिस म्हणजे पैसे पोचले, हुकूमनामा फिटला, असं कोर्टाला कळवणारा सह्यांचा कागद. कोर्टाबाहेर दिलेले पैसे मुदतीत असे नोंदवले नाहीत, तर वसुलीच्या वेळी कोर्ट ते जमेस धरत नाही.

तात्यांचा चेहरा उतरला. "भंडारा उचलल्यावर बी कागुद लागतो व्हय?"

मारुतीच घाईने म्हणाला, "ऱ्हाऊ द्या साहेब. तात्यांचा शब्द हाय."

मी पेन खाली ठेवलं. त्या खोलीत कायदा फक्त मला ठाऊक होता.

वर्षभराने तात्या वारले. त्यांच्या कागदपत्रांत मुलाला, बाबूरावांना, तो हुकूमनामा सापडला आणि त्यांनी जप्ती आणली. मी त्यांच्या दुकानात गेलो.

"तुमच्या वडिलांनी पैसे घेतलेत. मी समोर होतो."

"मला ठावं हाय," बाबूराव कापड मोजता मोजता म्हणाले. "तात्या बोलले व्हते मला. पण कोर्टाला कुठं ठावं हाय?"

मला संताप आला. त्यातला बराचसा माझ्यावरच होता.

तरी मी कोर्टात अर्ज दिला. न्यायाधीशांनी तो शांतपणे वाचला.

"पैसे देताना तुम्ही स्वतः हजर होता?"

"होय, साहेब."

"मग पुरशिस का दिली नाही?"

मुदत केव्हाच टळली होती. अर्ज नामंजूर झाला.

लिलाव आठ दिवसांवर आला तेव्हा दुसऱ्यांदा तडजोडीला बसलो. बाबूराव चारशेंवर आले. ते मी भरतो, असं मी मारुतीला म्हणालो. त्याने माझे दोनशेच घेतले. बाकीचे त्याने हॉटेलची पितळी भांडी विकून उभे केले.

"तात्यांचा मान राखाया मी आडवा आलो, ते माझं निम्मं," तो म्हणाला. "तुमी ठावं असून गप ऱ्हायला, ते तुमचं."

दोघांना घेऊन मी सरळ कोर्टात गेलो, पुरशिस दाखल केली आणि तिच्यावर शिक्का पडेपर्यंत तिथून हललो नाही. घर सुटलं. त्यानंतर चाळीस वर्षं वकिली केली, पण कुणाच्या भिडेखातर पुरशिस मागे ठेवली नाही.

पुढच्या वर्षी हॉटेलच्या जागेवरून मारुतीचा मालकाशी वाद झाला. ते काम त्याने दुसऱ्या वकिलाकडे दिलं. मला वाईट वाटलं, पण त्याचं बरोबरच होतं.