वरच्या खोलीतले डबे

अख्ख्या कोल्हापुरात यंत्र बंद पडलं म्हणून पेढे वाटणारा माणूस एकच, आणि तो माझ्या डोक्यावर राहतो. म्हणजे वरच्या खोलीत. मूळचा शाहूवाडीकडचा, अंगानं काडी, लग्नाचं नाव नाही, माझा भाडेकरू. कॉम्प्युटर कसा बंद पडतो ते शोधायचा त्याला पगार मिळतो. राहायला आला त्याच आठवड्यात भर दुपारी वरून "मेला! मेला!" असा ओरडला, तर आमची ही पाण्याचा तांब्या घेऊन जिना धावत चढली. बघते तर काळ्या पडद्यापुढं हा एकटाच नाचतोय. "मामी, पार गार पडला! बटण दाबलं तरी उठंना!" तिनं तांब्यातलं पाणी स्वतःच पिलं आणि विचारलं, "जेवलायस का?" तिथनं वर डबे जायला लागले.

मी चौथी शिकलेला. जन्म मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलण्यात गेला. तरी त्यानं मला त्याचं काम समजावलंच. "मामा, कॉम्प्युटरच्या आत एक मुकादम असतोय. कुठल्या प्रोग्रामला गोडाऊनात किती जागा द्यायची, कवा परत घ्यायची, ते तो बघतोय. आता एखादा आगाव आला, थोडी थोडी जागा मागतच बसला आणि परत काय दीना, तर?"

"तर गोडाऊन भरंल की."

"व्हय! चोरी न्हाय, मोडतोड न्हाय, पण कुणाचंच काम हुत न्हाय. बदमाश लोक बाहेरनं मुद्दाम असलं करत्यात. ते भोक त्यांच्या आधी मी हुडकायचं."

"आणि मुकादम गप बसतोय?"

"न्हाय की. जागा संपली की एकाला धरून मारून टाकतोय. कवा कवा भलत्यालाच."

हे मात्र मला लगेच पटलं. आमचाही मुकादम तसलाच होता.

ही भोकं हुडकायची खोड घरापुरती असती तर चाललं असतं. एकदा मला खानावळीत घेऊन गेला. भिंतीवर पाटी होती, पांढरा रस्सा पाहिजे तेवढा. हा वाटी मागून वाटी घ्यायला लागला. प्यायचा नाही, नुसत्या पुढ्यात मांडायचा. शेवटी बाकीची गिऱ्हाइकं बोंबलायला लागली, तसा मालक येऊन म्हणाला, "पावणं, पिणार हायसा का आंघूळ करणार?" हा शांतपणे म्हणाला, "तुमचा रस्सा संपला न्हाय, वाट्या संपल्या. एका माणसाला किती द्यायच्या ते ठरवा." मालकानं आम्हाला ठरवून बाहेर काढलं.

गेल्या वर्षी ही गेली. तापाचं निमित्त, चार दिवसांत आटोपलं. तेव्हापासून मी चपात्या विकत आणतो. चांगल्या नसतात. वर्षश्राद्ध जवळ आलं म्हणून तिचा एखादा डबा काढावा म्हटलं, तर घरात एक नाही. प्रत्येक डब्यावर तिचं नाव कोरलेलं होतं. जन्मात मी तिला नावानं हाक मारली नाही. घरात ते नाव होतं ते त्या डब्यांवरच. लेकीनं नेले असतील म्हणून तिला फोनवर नको ते बोललो. ती रडली. म्हणाली, "आबा, वर बघा की."

वर गेलो. खाटेखाली सगळे डबे, घासून पुसून, एकावर एक. आमच्यात कुणाचा डबा मोकळा परत करत नाहीत, साखर तरी घालतात चिमूटभर. याच्याकडं साखर नाही, चहासुद्धा येत नाही. मोकळा कसा द्यायचा म्हणून हा ठेवून घेत गेला. ही रोज जिन्याखालनं ओरडायची, "डबा दे रं लेकरा!" वरून उत्तर, "उद्या, मामी!" आणि ती ट्रंकेतनं दुसरा काढायची.

"अरं शाण्या," मी म्हटलं, "जगाची भोकं हुडकतोस आणि एकेक डबा अडकवून माझं स्वयंपाकघर बंद पाडलंस!" तो डोक्याला हात लावून खाली बसला. "मामा, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे डबे खाली आणले, प्रत्येकात दोन-दोन बिस्किटं घालून. मी आधी लेकीला फोन लावला, चुकलो म्हणालो. बिस्किटं खात फोन ठेवला तरी हा दारातच उभा.

"आता काय?"

"एक ऱ्हायलाय. त्यात मामीचं लोणचं हुतं. संपलं कवाच. पण झाकण काढलं की वास येतोय, म्हणून धुतला न्हाय."

परत जिना चढलो. गुडघे बोंबलत होते. त्यानं झाकण काढून डबा पुढं धरला. मोहरी, हिंग, आणि मेथी जरा जास्तच. मेथी तिची नेहमीच जास्त व्हायची, मी नेहमी बोलायचो. झाकण मीच घट्ट लावलं.

"हा ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," मी म्हटलं. "पण आणशील तवा मोकळा आणायचा न्हाय, सांगून ठेवतो."

आता रोज सकाळी जिन्याखाली उभा राहून मी ओरडतो, "डबा दे रं!"

वरून येतं, "उद्या, मामा!"