जातो म्हटलं की सवलत

किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप जमतात. घरातल्या जुन्या चार्जरच्या ड्रॉवरसारखं असतं ते. एक वायर शोधायला जावं तर गुंत्यातल्या पाच हातात येतात. न्यूझीलंडमधल्या आमच्या रोटोटुनाच्या मंडळींचे फोनचे किस्से तसेच आहेत.

मंडळी म्हणजे तीन घरं. संजय आणि मनीषा जोशी, मिलिंद आणि सुजाता कांबळे, आणि आम्ही, म्हणजे श्रीकांत आणि मी. शनिवारी दुपारी कोणाकडे तरी जेवायचं आणि ताटं उचलायच्या आधीच फोनचा विषय काढायचा. कुणी कोणता घेतला, केवढ्याला पडला आणि मुख्य म्हणजे आपल्याला तेवढ्याला का नाही मिळाला!

तिन्ही घरांत एकाच कंपनीचे फोन, कारण आमच्या भागात तिचीच रेंज बरी होती. करार दोन वर्षांचा, आणि फोन दीड वर्षात म्हातारा. मैत्री होतीच आमची. पण पाऊस असो, हॅमिल्टनचं धुकं असो, दर शनिवारी न चुकता एकत्र आणायचा तो हेवा!

*

संजय जोशी हा निष्ठावंत माणूस. टूथपेस्ट तीच, केस कापणारा तोच, नऊ वर्षं फोन कंपनीही तीच. एकदा ऑकलंडला बॉटनी डाउन्सच्या मॉलमध्ये गेला असताना कंपनीच्या दुकानाच्या काचेवर त्याला भलीमोठी जाहिरात दिसली. नवाकोरा फोन, आज एक डॉलरही देऊ नका!

संजय आत शिरला. काउंटरवरच्या मुलीने त्याचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि म्हणाली, "सॉरी, ही ऑफर नव्या गिऱ्हाइकांसाठी आहे. तुम्ही जुने."

"मग जुन्यांसाठी काय आहे?"

तिने शोधलं. बराच वेळ शोधलं. "तुम्हाला एक कव्हर फ्री देता येईल."

तेवढ्यात शेजारच्या काउंटरवर जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला, घातलेला एक माणूस सही करून, नवा फोन घेऊन, शीळ घालत निघून गेला. संजय ते सांगताना आजही लाल होतो. "अरे, त्याने काय केलंय यांच्यासाठी? काल आला तो!"

मनीषा ताटावरून मानही वर न करता म्हणाली, "आता कळलं, नऊ वर्षं इमानदारीत काढली की काय मिळतं ते? मला पंधरा झाली. मला अजून कव्हरसुद्धा नाही!"

*

त्याच मुलीने निघताना संजयला हळूच सांगितलं होतं, "फोन करा आणि म्हणा, मी दुसऱ्या कंपनीत जातो. मग बघा."

जाणाऱ्यांना थोपवायला कंपनीत वेगळी माणसं बसवलेली असतात, हा शोध आम्हाला तेव्हा लागला. राहणाऱ्याला कव्हर, जाणाऱ्याला सवलत! पहिला प्रयोग मिलिंद कांबळेने करायचं ठरलं. मिलिंद स्ट्रक्चरल इंजिनिअर. साइटवर कॉन्ट्रॅक्टरला ओतलेला खांब तोडायला लावणारा माणूस. त्याने कागदावर भाषण लिहून काढलं, पाणी प्यायला आणि फोन लावला. पलीकडून इथला माओरी नमस्कार आला.

"किया ओरा, टीना बोलतेय."

"आय वॉन्ट टू लीव्ह," मिलिंद म्हणाला.

"नो वरीज, मिलिंद! संध्याकाळी पाचपर्यंत लाइन बंद करून देते."

पुढे ती आर्जवं करेल असं धरून मिलिंदने भाषण लिहिलं होतं. ती आर्जवं करेचना. "नो, नो," तो घाईघाईने म्हणाला, "आय वॉज ओन्ली थिंकिंग!"

दहा मिनिटांनी त्याने तसदीबद्दल माफी मागितली, आभार मानले आणि फोन ठेवला, तेव्हा त्याच्या गळ्यात दोन वर्षांचा नवा करार पडला होता. आधीपेक्षा महाग!

सुजाता म्हणाली, "भूकंपात न हलणाऱ्या इमारती उभ्या करतो हा. एका बाईने नो वरीज म्हटलं तर पाया खचला!"

*

मग श्री, म्हणजे माझा नवरा श्रीकांत, पुढे आला. डेटाबेस सांभाळणारा, ऑफिसात कमी बोलणारा माणूस, पण परक्या माणसाशी फोनवर बोलायला बसला की त्याला वेगळाच सूर लागायचा. पुढच्या शनिवारी आमच्याकडे, श्रीखंडाच्या वाट्या बाजूला सारून, स्पीकरवर फोन लागला. "गुड आफ्टरनून, मिलिंद कांबळे हिअर," श्री बिनदिक्कत म्हणाला.

पुन्हा टीनाच! शनिवारची पाळी तिची असायची, हे आम्हाला पुढे कळलं. तिने जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला, मग आईचं माहेरचं आडनाव. मिलिंदने ओठ हलवायच्या आत श्रीने 'गायकवाड' सांगून टाकलं, स्पेलिंगसकट. इतक्या शनिवारांनंतर एकमेकांची आजोळं पाठ झाली होती.

मग तो खेळला. कंपनी किती चांगली, सोडून जाताना आपल्याला किती वाईट वाटतंय, पण काय करणार, बायको ऐकत नाही! सुजाताने त्याला चमचा फेकून मारला. वीस मिनिटांत मिलिंदचा महाग करार रद्द, नवा फोन आणि वर जास्तीचा डेटा.

शेवटी श्री आपल्या सवयीने मराठीतच म्हणाला, "चला टीना, येतो!"

"कुठे येतोस रे?" संजय ओरडला.

त्यानंतर श्री संजय झाला. आणि मनीषाचं खातं मनीषाच्याच नावावर असल्यामुळे एकदा मनीषाही झाला! बारीक आवाज काढून, मधेमधे खोकत. आम्ही तोंडात पदर, टॉवेल, मिळेल ते कोंबून बसलो होतो.

टीना शांतपणे म्हणाली, "स्वीट ॲज, झालं तुझं काम, मनीषा. घशाला जप. आलं घालून चहा घे."

*

आता माझं सांगते. मला टीनाचा हेवा वाटायचा.

ती ओटाहुहूला राहते, तिच्या मुलीची शनिवारी सकाळी नेटबॉलची मॅच असते, मुलीचा गुडघा दुखतो, हे सगळं श्रीला ठाऊक होतं. माझ्या बहिणीच्या मुलाचं नाव मात्र त्याला दर वेळी विचारावं लागायचं! तिच्याशी बोलताना तो जसा हसायचा, तसा घरात हसलेला मी शेवटचा कधी ऐकला होता, हे आठवायला मला बसावं लागलं असतं.

आणि मनीषाचा तर वाटायचाच. श्रीने मिळवून दिलेला तो मोठा सोनेरी फोन ती जेवणाच्या टेबलावर अशी ठेवायची, की आमटी वाढणाऱ्याला तो उचलून बाजूला ठेवावाच लागे. माझा फोन तडा गेलेला, वर चिकटपट्टी.

"अगं वंदना, तुला काय कमी," ती म्हणायची. "तुझ्या तर घरातच माणूस आहे!"

घरातच होता. दिवा घरात आणि उजेड सगळा शेजारी! एका शनिवारी सगळे गेल्यावर मी भांडी घासता घासता विचारलंच, "आपलं खातं तेवढं पूर्ण भावाने का?"

"त्यासाठी जातो म्हणावं लागतं," श्री म्हणाला.

"मग? इतक्यांच्या नावाने म्हणतोस ना?"

"दुसऱ्याच्या नावाने म्हणायला काही वाटत नाही. स्वतःच्या नावाने नको. आई म्हणायची, घरातून निघताना जातो म्हणायचं नाही."

हा माणूस कधी सत्यनारायणाला बसला नाही, मांजर आडवं गेलं तर थांबून त्याला कुरवाळायचा! मी म्हणाले, "हे घर सोडून जायचं नाहीये, फोन कंपनी सोडायची आहे. तीही खोटी खोटी."

तो ताट पुसत राहिला. पुढच्या महिन्यात त्याने मला नवा फोन आणून दिला. पूर्ण भावाने! मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही, आणि त्या दोन दिवसांत त्या फोनवर अडीचशे फोटो काढले.

*

मधे एक लहानसा.

संजयचा मुलगा सोहम याला बापाचा जुना फोन मिळायचा. एकदा तो कुरकुरला, "डॅड, इट्स हीप्स स्लो."

संजयने सगळ्यांसमोर त्याला ऐकवलं, "अरे, तुझ्या वयाचे असताना आमच्या घरी फोनच नव्हता. आम्ही शेजारच्यांकडे जायचो फोन करायला."

सोहमने विचारलं, "व्हाय, डिड दे हॅव अ बेटर प्लॅन?"

*

श्री गेला तो एका मंगळवारी, ऑफिसात, दुपारी. सकाळी तो निघाला तेव्हा मी बाथरूममध्ये होते, शॉवर चालू होता. दार लागल्याचं तेवढं ऐकू आलं.

दोन्ही फोनचं खातं त्याच्या नावावर. महिन्याभराने मी कंपनीच्या दुकानात गेले आणि सांगितलं, की त्याची लाइन बंद करायची आहे, माझी माझ्या नावावर हवी आहे.

काउंटरवरच्या गृहस्थाने स्क्रीनकडे पाहिलं. "खातेदाराने स्वतः फोन करायला हवा."

मी म्हणाले, "ते वारले."

त्याचा चेहरा खरोखर पडला. "आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस," तो म्हणाला. मग पुन्हा स्क्रीनकडे पाहून, अगदी मऊ आवाजात, "मग त्यांनी अगदी छोटासा फोन केला तरी चालेल."

मी हसले. तिथे, दुकानात, मोठ्याने! रात्री सांगायला एक बरा किस्सा मिळाला असं क्षणभर वाटलंसुद्धा.

तो बिचारा ओशाळला. आत जाऊन विचारून आला आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत पाठवा म्हणाला. प्रत मी करून आणली. पर्समध्ये ठेवली. ती तिथेच राहिली. त्याचा फोन मी दर रविवारी चार्ज करत होते.

*

मंडळींना हे कळलं तेव्हा हलकल्लोळ झाला.

"बंद पडलेल्या लाइनचे पैसे?" संजय म्हणाला.

"बंद नाहीये ती," मी म्हणाले.

"अगं, पण पूर्ण भावाने!" मनीषाला ते सोसेना. मग संजयकडे वळून, "आणि तू? समोर माणसं बसलीत आणि तोंड फोनमध्ये! चोवीस तास त्या फोनमध्ये असतो हा, वंदना. वैताग आलाय मला."

तिच्या सोनेरी फोनचा मला कधी वाटला नव्हता एवढा हेवा त्या वैतागाचा वाटला. मी ताक वाढायला उठले.

मी परत आले तेव्हा मिलिंद खुर्ची पुढे ओढून बसला होता. "वहिनी," तो म्हणाला, "श्री इतक्या वेळा मिलिंद कांबळे झाला. एकदा मला श्री होऊ द्या."

"तुला जमणारे का?" सुजाता म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

मी पर्समधला दाखला काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "लाव."

स्पीकरवर फोन लागला. "किया ओरा, टीना बोलतेय."

मिलिंदने श्रीचं नाव सांगितलं. जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला, आईचं माहेरचं आडनाव सांगितलं. माझ्याकडे एकदाही न पाहता. मग म्हणाला, "आय वॉन्ट टू..." आणि तिथेच अडकला.

टीना थांबली. मग म्हणाली, "मिलिंद, तू आहेस ना?"

सुजाताने ताकाचा पेला खाली ठेवला.

"खरा मिलिंद. ओन्ली थिंकिंगवाला. तुझ्यानंतर आठवड्याने दुसराच मिलिंद आला. तोच पुढे संजय झाला. तोच खोकणारी मनीषा!" ती हसायला लागली. "मी शनिवारची वाट बघायचे. कुठे आहे तो? दे ना त्याला."

मिलिंदने फोन माझ्याकडे सरकवला.

"मी त्यांची बायको," मी म्हणाले. आणि काय ते सांगितलं.

मग तिने विचारलं, "हे त्याचं स्वतःचं खातं?"

"हो."

"यावर तो कधीच आला नाही माझ्याकडे. मी एकदा आपणहून म्हटलं होतं, तुझ्यासाठीही बघू का? तर म्हणाला, त्या खात्याला हात लावायचा नाही."

तिने नाक पुसल्यासारखा आवाज आला. मग ती पुन्हा कंपनीची झाली. दाखल्याची प्रत ईमेलने पाठवा, तुमची लाइन तुमच्या नावावर करते, त्याची मी स्वतः बंद करते, त्याचे उरलेले हप्ते माफ व्हावेत म्हणून वर लिहिते, तुम्हाला पुन्हा कुणाला फोन करावा लागणार नाही. मी प्रत्येक वाक्याला थँक यू म्हणत राहिले. बोलण्यासारखं संपलं. तरी तिने फोन ठेवला नाही, आणि मीही नाही.

मग टीना म्हणाली, "चला, येतो."

अगदी त्याच्यासारखं. 'चला' वर तसंच थांबून.

संजयने तोंड फिरवलं. मिलिंदचा हात फोन बंद करायला पुढे आला होता, तो तसाच राहिला.

मी म्हणाले, "ये."